वीज पडल्यावर वाजलेला पट्टा

वीज आधी पडली आणि पट्टा नंतर वाजला. हे कोडं मायाक्काला काही केल्या सुटत नव्हतं.

त्या दिवशी दुपार कलली होती. कोकणातून माणदेशाकडं परतणारा त्यांचा मेंढ्यांचा कळप एका ओढ्याकाठी विसावला होता. ऊन तापलेलं, म्हणून मेंढरं कडुलिंबाच्या सावलीत दाटीवाटीनं उभी होती. पाखऱ्या नावाच्या एडक्याच्या गळ्यात करड्या रंगाचा पट्टा होता. वीज जवळ येऊ लागली की हा पट्टा शिट्टी घालायचा. शिट्टी ऐकली की मायाक्का मेंढरं झाडाखालून काढायची आणि खोलगट जागी पांगवून बसवायची. झाडावर पडलेली वीज मुळांवाटे जमिनीत पसरते आणि जनावरांच्या पायांतून वर चढते, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं.

ओढ्यापलीकडं डाळिंबाची बाग होती. बागेतल्या खांबावरचा पिवळा भोंगा एकाएकी ओरडू लागला. बागेतली माणसं हातातलं टाकून घराकडं पळाली. मायाक्कानं पाखऱ्याच्या गळ्याकडं पाहिलं. पट्टा गप्प होता. तरी तिला राहवेना. तिनं काठी उचलली आणि मेंढरं हाकायला सुरुवात केली. बरीचशी बाहेर आली आणि तेवढ्यात लिंबावर वीज कोसळली. भुंडी नावाची मेंढी आणि तिला बिलगून उभं असलेलं कोकरू जागीच गेलं. मायाक्का तोंडावर आपटली. डोकं वर केलं तेव्हा पाखऱ्याच्या गळ्यातला पट्टा शिट्टी घालत होता.

भुंडीला आणि कोकराला पुरल्यावर मायाक्का धुळाआज्जाकडं गेली. धुळाआज्जा हा तिच्या आज्जाचा धाकटा भाऊ. लहानपणी त्यानं मेंढरं राखली आणि पुढं शिकून ढगांचा आणि विजांचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ झाला. नोकरीतून मोकळा झाल्यापासून दर उन्हाळ्यात तो कळपाबरोबर चालायचा. त्याच्यासोबत दगडू असायचा. दगडू म्हणजे यंत्राचं तट्टू. पाठीवर उन्हावर चालणारं खोगीर, चार मजबूत पाय आणि पोटात संगणक. तो बिऱ्हाड वाहायचा आणि विचारलं तर बोलायचाही.

मायाक्कानं पट्टा आज्जाच्या पुढ्यात टाकला आणि म्हणाली, "ह्यो फेकून द्या. मेल्याला काय कळत न्हाई."

आज्जानं पट्टा उचलून पुसला. तो म्हणाला की फेकण्याआधी त्याचं काय चुकलं ते शोधू, नाहीतर दुसरा पट्टाही तेच करील. मग त्यानं तिला विचारलं की वीज कुठं पडतेय हे पट्ट्याला कळतं कसं.

आज्जा सांगू लागला. वीज चमकते तेव्हा उजेड आणि आवाज यांच्याबरोबर रेडिओ लहरीही निघतात (या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण यंत्राला पकडता येतात). पट्टा त्या लहरी ऐकतो. पण एकट्या पट्ट्याला फक्त एवढंच कळतं की कुठंतरी वीज चमकली. कुठं, ते कळत नाही.

"समज, डोंगराआड कुणी हाळी घातली," आज्जा म्हणाला. "तू हितं, तुझा बाप त्या टेकाडावर, मी वड्याकाठी. ज्याला आधी ऐकू येईल त्याच्याजवळ हाळी घालणारा. कुणाला किती उशिरा ऐकू आलं ते तिघांनी जुळवलं, की तो कुठं उभा हाय ते कळतं."

पट्टेही तसंच करतात. माणदेशापासून कोकणापर्यंत शेकडो कळप चालत असतात. प्रत्येक कळपातला पट्टा लहर कधी आली ते सर्व्हरला कळवतो (सर्व्हर म्हणजे सगळ्यांचे निरोप घेणारा आणि सगळ्यांना उत्तरं देणारा मोठा संगणक). सर्व्हर वेळा जुळवतो, वीज कुठं पडली आणि कोणत्या दिशेनं सरकतेय ते काढतो आणि वाटेवरच्या कळपांना इशारा देतो. हे सगळं ज्या आज्ञावलीनं होतं (आज्ञावली म्हणजे संगणकानं काय करायचं त्याच्या लिहून दिलेल्या सूचना), तिचं नाव 'चाहूल'. आज्जानं आणि त्याच्या सोबत्यांनी ती वीस वर्षांपूर्वी लिहायला घेतली होती.

दगडूनं पट्ट्यातल्या नोंदी तपासल्या. "पट्ट्यानं वीज वेळेवर ऐकली," तो सरळ आवाजात म्हणाला. "वेळेवर कळवली. उत्तर उशिरा आलं. पट्टा निर्दोष आहे. त्याला मेल्या म्हटल्याबद्दल मी त्याच्या वतीनं नाराजी नोंदवतो."

मायाक्काला हसू आलं आणि लगेच भुंडी आठवून ते विरलं. पट्ट्याचा दोष नाही, तर उत्तर वाटेत अडलं कुठं? आणि बागेतल्या भोंग्याला तेच उत्तर आधी कसं मिळालं?

"वाचून बघू," आज्जा म्हणाला.

'चाहूल' मुक्त आज्ञावली होती (म्हणजे कुणालाही ती वाचता येते, वापरता येते आणि बदलून पाहता येते). आज्जानं मायाक्काला विचारलं की धनगरांच्या गजीनृत्यात म्हणतात ती ओवी कुणाच्या मालकीची असते. ती म्हणाली, कुणाच्याच नाही, जो तो आपलं कडवं जोडतो. आज्जानं मान हलवली. फरक एवढाच की 'चाहूल'मध्ये कुणी काही जोडलं तर ते बरोबर आहे का हे पाच राखणदार तपासतात. तिघांनी होकार दिला की ते मूळ प्रतीत जातं. कुणी काय बदललं आणि का, हे सगळ्यांना दिसतं. आज्जा त्या पाचांतला एक होता.

दगडूनं अलीकडचे बदल एकेक वाचायला घेतले. स्पेलिंगच्या चुका, घड्याळाची दुरुस्ती, नव्या तऱ्हेच्या बॅटरीची सोय. मग तो थांबला. एका बदलात लिहिलं होतं की सर्व्हरवर गर्दी झाली तर नोंदणी केलेल्या यंत्रांना आधी उत्तर द्यावं आणि बाकीच्यांना नंतर.

नोंदणी म्हणजे नभांगण कंपनीकडं नाव लावणं. बागेतला पिवळा भोंगा नभांगणचा होता. पाखऱ्याच्या गळ्यातला करडा पट्टा आज्जानं स्वतः जोडून दिलेला होता. त्याचं नाव कुठंच नव्हतं.

आज्जानं पट्टा खाली ठेवला. मग त्यानं सगळं सांगितलं. आधी राखणदार आपापली नोकरी सांभाळून रात्री जागून हे काम करायचे. माणसं थकली. सर्व्हर जुना झाला. तेव्हा नभांगण प्रायोजक म्हणून पुढं आली (प्रायोजक म्हणजे कामाला पैशाचं किंवा सामानाचं पाठबळ देणारा). नवा सर्व्हर दिला. तीन राखणदारांना पगार दिला, म्हणजे त्यांना दिवसभर हेच काम करता यावं. सगळ्यांना आनंद झाला. आज्जालाही झाला. पुढं हा रांगेचा बदल आला तेव्हा त्यानं विरोध नोंदवला. बाकीच्यांनी समजावलं की उशीर झाला तरी दोन-चार क्षणांचा होईल. साध्या दिवशी तो तेवढाच होतो. पण वळवाच्या दिवसांत विजाच विजा, निरोपांची झुंबड, आणि रांग लांबत जाते. इशाऱ्याची खरी गरज असते तेव्हाच तो सर्वांत उशिरा पोचतो.

"ती माणसं वाईट हायत का?" मायाक्कानं विचारलं.

"न्हाईत गं. चांगली हायत. पण पगार देणाऱ्याला न्हाई म्हणायचं म्हणजे जीभ जड होती."

आज्जानं त्याच संध्याकाळी बदल काढून टाकायची मागणी केली. आज्जा धरून दोघं राखणदार हो म्हणाले, पगार घेणारे तिघं गप्प राहिले. तीन होकार झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गाडी बिऱ्हाडापाशी येऊन थांबली. त्यातून नभांगणच्या अधिकारी मृण्मयी केळशीकर उतरल्या. मेंढी गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी पिवळ्या पट्ट्यांची खोकी उतरवली. त्या म्हणाल्या, हे पट्टे फुकट घ्या, नोंदणी करा, इशारा सर्वांत आधी मिळेल. कळप कुठं कुठं फिरतो ते कंपनीला दिसत राहील. आणि राखणदार म्हणून धुळासाहेबांनी एक सही करावी, म्हणजे 'चाहूल'च्या मूळ प्रतीची किल्ली (तिच्यात बदल करायचा हक्क) कायमची नभांगणकडं राहील आणि रोजचे वाद मिटतील.

मायाक्काचा बाप म्हाळू पिवळा पट्टा हातात घेऊन बघत बसला. त्याच्या मनात काय चाललंय ते मायाक्काला कळत होतं. ओढ्याकाठचा चारा संपला होता. उद्या पठार ओलांडायचं होतं. पठारावर झाड नाही, आडोसा नाही, सगळ्यांत उंच म्हणजे माणूस आणि मेंढरू. तिथं उशिरा वाजणारा पट्टा घेऊन जाणं म्हणजे साऱ्या कळपाचा जीव टांगणीला लावणं.

"आप्पा, घेऊ नका," मायाक्का म्हणाली.

म्हाळू चिडला. तो म्हणाला, घेऊ नको तर उद्या काय तुझ्या शिट्टीवर जायचं का पठारावर?

 मायाक्का केळशीकरबाईंकडं वळली. "बाई, तुमास्नी ठावं हाय का, आमी शेतात मेंढरं बसवतो?"

बाईंना ठाऊक नव्हतं. मायाक्कानं सांगितलं. रात्री शेतात वाघर लावून, म्हणजे जाळीचं कुंपण करून, मेंढरं आत बसवायची. लेंड्यामुतानं जमिनीला खत मिळतं. त्याबदल्यात शेतकरी कळपवाल्यांना धान्य देतो. पण वाघर लावायच्या आधी बांधावर उभं राहून ठरतं की रात्री किती आणि धान्य किती. ठरल्या रात्री संपल्या की वाघर उचलायची आणि पुढं निघायचं.

"धान्य देतो म्हणून शेतकरी आमच्या एडक्याच्या शिंगाला दोरी बांधत न्हाई," मायाक्का म्हणाली. "उद्या कुठं जायचं ते त्यो सांगत न्हाई. कुठल्या मेंढराला आधी पाणी पाजायचं ते बी न्हाई. तुमी सर्व्हर दिला, लई उपकार झाले. पण किती रात्री ते कुणी ठरवलंच न्हाई. आमची माणसं तुमाला मोठी समजून गप बसली. तीच चूक झाली."

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर्व्हर आमचा, त्याला लागणारी वीज आमची, माणसांचे पगार आमचे. मग निर्णय आमचा असला तर त्यात वावगं काय?"

"वीज कुठं पडली ते आमचे पट्टे ऐकतात. सूचना समद्यांनी लिवल्या. तुमी शेत दिलं बाई, कळप न्हाई दिला."

म्हाळूच्या हातातला पिवळा पट्टा खाली आला. त्यानं तो खोक्यात परत ठेवला. आज्जा सही करणार नाही म्हणाला आणि बाईंना चहा विचारला. बाईंनी चहा घेतला. जाताना त्या एवढंच म्हणाल्या की उद्या पठारावर काही झालं तर मला वाईट वाटेल. ते धमकीसारखं नव्हतं, म्हणून जास्तच बोचलं.

गाडी गेल्यावर म्हाळू आज्जापुढं येऊन बसला. पोरगीनं नाही म्हणून टाकलं, आता पुढं काय, हे त्याला पाहिजे होतं.

आज्जानं दगडूच्या खोगिरावर थाप मारली. 'चाहूल'ची आजपर्यंतची सगळी आज्ञावली दगडूच्या पोटात होती. तिच्या परवान्यात (परवाना म्हणजे वापराच्या अटी) स्पष्ट लिहिलं होतं की कुणीही तिची नक्कल घेऊन वेगळ्या वाटेनं पुढं जाऊ शकतो. याला फाटा म्हणतात. मूळ प्रतीची किल्ली कुणाकडंही असो, फाटा फुटण्यापासून कुणी अडवू शकत नाही. सर्व्हर म्हणून दगडू चालेल. वेगात तो कमी पडेल, पण या भागापुरतं जमेल.

"मी ओझ्याचं जनावर आहे," दगडू म्हणाला. "आणखी एक ओझं चालेल. भांडी कमी करा."

रांगेची सूचना मायाक्कानं स्वतः काढली. आज्जानं दाखवलं, तिनं ती ओळ शोधली, पुसली आणि खाली कारण लिहिलं: भुंडी आणि तिचं कोकरू. फाटा तयार झाला. त्याला दुपारची भाकरी उरकण्याइतकाही वेळ लागला नाही.

"एवढंच?" मायाक्कानं विचारलं.

"हे सोपं होतं," आज्जा म्हणाला. "आता अवघड. आपल्या फाट्यावर पट्टे किती?"

एक. पाखऱ्याचा. आणि एकट्या पट्ट्याला वीज कुठं आहे ते कळत नाही. लांब लांब उभे असलेले आणखी कळप आले नाहीत तर त्यांची 'चाहूल' म्हणजे नुसती अक्षरं. आज्ञावलीची नक्कल एका क्षणात होते, माणसांची होत नाही. त्यांना विचारावं लागतं.

दगडूचा रेडिओ दूरच्या कळपांबरोबर चालणाऱ्या यंत्राच्या तट्टूंपर्यंत पोचायचा. मायाक्का बोलायला बसली. आधी ती अडखळली, मग तिनं जे झालं तेच सांगितलं: पट्टा कधी वाजला, रांग कशी आहे, नकार का दिला, उद्या आपण पठारावर चाललोय. कुणी म्हणालं विचार करतो. कुणी म्हणालं आम्ही पिवळे पट्टे घेतलेत, आम्हाला भांडण नको. सोनाबाई नावाच्या एका म्हातारीनं विचारलं, "तू कुणाची गं?" मायाक्कानं आप्पाचं नाव सांगितलं. "म्हाळूची व्हय. त्यो बी लहानपणी असाच हटवादी होता," असं म्हणून तिनं आपला पट्टा फाट्यावर वळवला. तिच्या मागून तिच्या भावकीचे कळप आले. पठाराच्या दोन्ही अंगांना, वर आणि खाली. पगार घेणाऱ्या तीन राखणदारांतली नसीमा हिनं आज्जाला कळवलं की दिवसा कंपनीचं काम केल्यावर संध्याकाळी ती फाट्याचं काम बघेल, आणि कंपनीनं काढलं तर दिवसाही बघेल.

संध्याकाळी डाळिंबाच्या बागेचा मालक ओढा ओलांडून आला. त्याच्या खांबावर त्याचा स्वतःचा उन्हावर चालणारा संच होता. फाट्याच्या रेडिओसाठी जागा आणि वीज तो द्यायला तयार होता. आज्जा आभार मानणार एवढ्यात मायाक्का मध्ये बोलली.

"किती दिवस देणार ते आदी सांगा," ती म्हणाली. "आनि खांब तुमचा हाय म्हणून तुमची बाग रांगेत पुढं येणार न्हाई."

बागवाला हसला आणि बांधावर बसून सगळं ठरवून गेला. आज्जानं मायाक्काला सांगितलं की पुढं असेच पुष्कळ खांब गोळा करायचे. आज याचा, उद्या शाळेचा, परवा एखाद्या कंपनीचाही, पण ठरवून. कळप वर्षभर एकाच शेतात बसत नाही, नाहीतर त्या शेतकऱ्याच्या मर्जीवर जगायची पाळी येते. पुष्कळ शेतं असली की एकानं नाही म्हटलं तरी वाघर दुसरीकडं लागते. प्रायोजक घ्यायचे नाहीत असं नाही. कुणा एकावाचून अडेल, असं होऊ द्यायचं नाही.

सकाळी कळप पठारावर चढला. दगडू मध्यावर, पाखऱ्या पुढं, म्हाळू एका बाजूला आणि मायाक्का मागं. ऊन चढलं तसे पश्चिमेकडून ढग वर आले. मायाक्काचं चालण्याकडं लक्ष नव्हतं. ती पट्ट्याच्या शिट्टीची वाट बघत होती आणि ती येऊ नये असंही वाटत होतं.

शिट्टी आली. ढग अजून लांब होता, डोक्यावर ऊन होतं. म्हाळूनं क्षणभर आभाळाकडं पाहिलं, मग पट्ट्याकडं. त्यानं हाळी घातली. पठाराच्या अंगाला पाण्यानं कोरलेली एक उथळ घळ होती. कळप तिकडं वळवला, मेंढरं एकमेकांपासून पांगवून बसवली. माणसांनी काठ्या दूर टाकल्या आणि पाय जुळवून उकिडवी बसली. दगडू घळीच्या तोंडाशी गुडघे मोडून बसला आणि निरोप घेत राहिला.

तेवढ्यात तो म्हणाला, "ढग आपल्याला सोडून उत्तरेला सरकतोय. तिकडं एक कळप आहे. पिवळे पट्टे. काल त्यांनी आपल्याला नकार दिला होता. नभांगणच्या सर्व्हरवर आज नोंदणीवाल्यांचीच गर्दी झाली आहे. त्यांचा इशारा रांगेत आहे. त्यांच्या पट्ट्याला आपला निरोप ऐकू येतो, पण त्यांचं नाव आपल्याकडं नाही. कळवू?"

म्हाळूनं मान वर केली. आज्जानंही केली. फाट्याचा पहिला निर्णय होता, आणि दोघंही मायाक्काकडं बघत होते.

"नाव कशाला पायजे?" मायाक्का म्हणाली. "वीज काय नाव विचारून पडती व्हय? कळव. आनि हितनं पुढं समद्यांस्नी एकदम. रांगच नको."

दगडूनं निरोप सोडला. उत्तरेकडून काहीच आलं नाही. मग पठाराच्या पलीकडं, ढगाच्या काळ्या पोटाखाली, वीज लखकन उतरली. मायाक्कानं डोळे मिटून घेतले. गडगडाट विरायच्या आत रेडिओवर धापा टाकणारा एक आवाज आला. समदी मेंढरं खाली बसलीत, तो म्हणाला, कुणाला काय झालं न्हाई. आणि मग, जरा थांबून, त्यानं विचारलं की ह्या फाट्यावर यायचं तर काय करावं लागतं.

"काय न्हाई," मायाक्का म्हणाली. "पट्टा वळवा, आनि तुमाला ऐकू येईल ते समद्यांस्नी सांगत ऱ्हावा."

ढग ओसरल्यावर तिनं काठी उचलली. पुढं अजून निम्मं पठार होतं. दगडूच्या पोटात एकामागून एक नवे पट्टे जोडले जात होते, काही करडे, काही पिवळे. म्हाळूनं हाळी घातली आणि कळप उठून चालू लागला.